फळमाशीचे जनुक आणि न चढणारा ताप

पिकल्या केळ्यांवर जमणाऱ्या फळमाश्यांना आपण हाताने हाकलून देतो. पण आपल्या तापाचे एक मूळ त्यांच्याच अभ्यासातून उलगडले. ‘टोल’ हे जनुक (जर्मन भाषेत ‘भन्नाट’, टोलनाक्याशी संबंध नाही!) बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गापुढे टिकत नाहीत, हे १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या चमूला दिसले. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांना उंदरांत त्याच कुळातील जनुक गवसले. त्यापासून घडणारे प्रथिन जिवाणूंच्या आवरणाचा अंश ओळखून शरीराला वर्दी देते. आपल्याही पेशींत ते आहे. उतारवयात मात्र ही यंत्रणा मंदावू शकते. गंभीर संसर्गातही कधी ताप फारसा चढत नाही. घरातील वृद्ध व्यक्ती अचानक असंबद्ध बोलू लागली किंवा तिचे जेवण तुटले, तर तापमापकावर विसंबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.