सगळ्यांच्या नावात आपलं नाव
लहान व्यवसायाची ओळख : लेखांक ५

कोल्हापुरात राहणारा माणूस पाहुण्याला 'चला, कोल्हापुरी मिसळ खाऊ' असं कधी म्हणत नाही. तो फडतरेंकडे नेतो, चोरगेंकडे नेतो, नाहीतर खासबागेचं किंवा बावड्याचं नाव घेतो, आणि यांतली सरस कोणती यावरून दोन मित्रांची जुंपतेही. पुण्यात किंवा ठाण्यात मात्र पाटीवर 'कोल्हापुरी मिसळ' एवढं लिहिलं की भागतं. गावाच्या नावाला लांबच्या गिऱ्हाइकाला थांबवण्याची ताकद असते. पण जिथे सगळेच त्या नावाचे धनी असतात, तिथे ते नाव एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढत नाही. मिसळवाल्यांना हे उमगलं, म्हणून त्यांची स्वतःची नावं झाली. कोल्हापुरी चपलेच्या बहुतेक लहान दुकानांनी मात्र हे काम अर्धवट सोडलं आहे. इंटरनेटवर विक्री सुरू झाल्यापासून त्याची किंमत वाढत चालली आहे, कारण तिथे अख्खी बाजारपेठच 'लांबच्या गिऱ्हाइका'ची आहे आणि 'कोल्हापुरी' हा शब्द शोधला की शेकडो विक्रेते एका रांगेत उभे राहतात. त्यात रेक्झिनची चप्पल विकणाराही असतो.

सामाईक नाव काय करतं आणि काय करत नाही, हे चपलेइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसणार नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते एकट्या कोल्हापूरचं नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं ते आहे, आणि त्याचे नोंदणीकृत मालक आहेत दोन राज्यांची दोन चर्मोद्योग महामंडळं, आपल्याकडचं लिडकॉम आणि तिकडचं लिडकर. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीनं मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या, तेव्हा त्यांची ओळख नुसत्या चामडी सँडल अशी करून दिली होती. इथून आवाज उठला, कंपनीनं महाराष्ट्र चेंबरला पाठवलेल्या पत्रात या परंपरेचं ऋण मान्य केलं, जुलैमध्ये तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली आणि डिसेंबरात दोन्ही महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, असं तेव्हा जाहीर झालं. मधल्या काळात मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका फेटाळली गेली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक असताना दाद मागायची तर ती त्यांनी मागावी, असा त्यामागचा मुद्दा होता. या साऱ्या घटनाक्रमात कोल्हापूरच्या चप्पल लाइन बाजारातल्या एखाद्या दुकानाचं नाव कुठे आलं? आलं नाही, आणि येणार तरी कसं? सामाईक नावाचं रक्षण सामाईक मालकच करतो, त्याचं श्रेयही सामाईकच राहतं. मानांकनाला मी कमी लेखत नाही. ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं कागद जमवले त्यांचे उपकार मोठे आहेत, आणि प्रत्येक उत्पादकानं अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यायलाच हवी. पण चप्पल आठ जिल्ह्यांत, ठरलेल्या रीतीनं झाली आहे, याच्या पलीकडे मानांकन काही बोलत नाही. तुमच्या दुकानातली शिलाई शेजारच्यापेक्षा चांगली का, हे तुम्हीच सांगायचं असतं.

म्हणून पहिलं काम नावाचं. कोल्हापुरात दुकानाला नाव द्यायचं म्हटलं की महालक्ष्मी, अंबाबाई, शाहू, राजर्षी, ताराराणी हीच नावं ओठांवर येतात. श्रद्धा आणि अभिमान दोन्ही खरे आहेत, पण ओळखीच्या दृष्टीनं ही नावं 'कोल्हापुरी'इतकीच सामाईक आहेत. त्याच नावाची दुकानं एकाच पेठेत दोन-तीन निघतात आणि एकाची तक्रार दुसऱ्याच्या खात्यावर पडते. कायद्याचंही तेच म्हणणं आहे. ट्रेडमार्कच्या कायद्यात मालाचा प्रकार किंवा मालाचं गाव नुसतं सांगणारा शब्द सहसा एकाच्या मालकीचा होत नाही. 'कोल्हापुरी चप्पल हाउस' या नावावर हक्क सांगायला गेलात तर हाती फारसं काही लागणार नाही. आडनाव, आजोबांचं नाव, गल्लीतली जुनी ओळख किंवा एखादा निव्वळ घडवलेला शब्द, यांतलं काहीही चालेल, अट एवढीच की ते नाव घेतल्यावर दुसरं कोणी आठवू नये. 'गोकुळ'कडे पाहा. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघानं आपल्या दुधाला 'कोल्हापुरी दूध' म्हटलं असतं तरी कोणी हरकत घेतली नसती. पण त्यांनी वेगळं नाव घेतलं आणि पिशवीवर तेच राखलं, म्हणून आज दूध मागताना माणूस ते नाव घेतो. नाव ठरलं की नोंदणी करावी. व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, पादत्राणं २५व्या वर्गात येतात आणि नोंदणी दहा वर्षं टिकून पुढे नूतनीकरण होते. शुल्क लहान नाही, मान्य. पण दुकानाच्या एका चकचकीत पाटीचा खर्च त्याहून जास्त होतो.

नावानंतर चिन्ह, ज्याला सगळे लोगो म्हणतात. इथे लहान व्यावसायिकाचा पैसा सर्वांत जास्त वाया जातो. चार रंग, त्यात सोनेरी छटा, मागे मंदिराचं शिखर, पुढे चपलेचा जोड आणि खाली बारीक अक्षरांत 'स्थापना अमुक साली'. संगणकाच्या पडद्यावर हे भरगच्च आणि छान दिसतं. पण चपलेच्या धंद्यात चिन्हाची खरी जागा पडदा नाही, चपलेचा तळ आहे. टाचेखालच्या चामड्यावर गरम ठशानं ते उठवायचं असतं. तिथे रंग नसतो, जागा नाण्याएवढी असते, आणि चामड्याचे तंतू बारीक रेघ गिळून टाकतात. जे चिन्ह तिथे उमटेल तेच खरं. एक ठसठशीत देवनागरी अक्षर, मोकळ्या पोटाचं, शिरोरेषा जाड, एवढं पुरतं. तेच मग पिशवीवर, बिलावर आणि मोबाइलमधल्या नखाएवढ्या गोलातही वाचता येतं. डिझायनरला काम देताना आधी ठसा करणाऱ्याला विचारून किती जाडीची रेघ उठते ते कळवा, त्यातून अर्धं काम आपोआप सुधारेल.

आता वेबसाइट. तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेकांना ती दुकानाची दर्शनी काच वाटते. म्हणून मुखपृष्ठावर सरकणारी चित्रं, 'आपले सहर्ष स्वागत', आणि परंपरा, विश्वास, गुणवत्ता हे तीन शब्द येतात. हे शब्द नकली माल विकणाराही लिहितो, त्यामुळे त्यांचा पुरावा म्हणून उपयोग शून्य. माझं म्हणणं असं की लहान व्यवसायाची वेबसाइट पुराव्यासाठी असावी. दुकानात आलेलं गिऱ्हाईक चप्पल हातात घेतं, उलटी करून तळ पाहतं, वाकवून बघतं, वास घेतं, आणि मग भाव विचारतं. पडद्यावर यातलं काहीच करता येत नाही, म्हणून ते सारं पानानं करून दाखवायला हवं. कापशी प्रकारच्या चपलेचा एक जोड घ्या. वरून एक फोटो सगळेच देतात. त्याच्यासोबत तळाचा द्या, कडेचा असा द्या की चामड्याचे थर मोजता यावेत, वेणीचा इतका जवळून द्या की वाद्यांची गुंफण दिसावी, आणि खिळा न मारता चामड्याच्या वादीनं शिवलेली कड दाखवा. खाली साध्या वाक्यांत लिहा: चामडं कोणतं, ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं आहे का, वेणी कोणी घातली, जोड तयार व्हायला किती दिवस लागतात. माप सांगताना नुसता 'आठ नंबर' पुरत नाही, कारण हाताच्या चपलेचा आठ नंबर आणि बुटाचा आठ नंबर जुळतोच असं नाही. कागदावर पाय ठेवून टाच ते अंगठा किती सेंटिमीटर भरतो ते मोजायला सांगा, परत येणारे बरेच जोड तिथेच थांबतील. पावसात घालू नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा, सुरुवातीचे काही दिवस कान आणि अंगठा टोचेल, हेही लिहा. विकणारा स्वतःहून मालाची मर्यादा सांगतो तेव्हा त्याच्या बाकीच्या शब्दांवर विश्वास बसतो. आणि किंमत लिहा. 'किमतीसाठी मेसेज करा' हे वाक्य वाचून किती गिऱ्हाइकं निघून जातात, ते दुकानदाराला कधीच कळत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात, कारण ती करून देणारे गावोगाव आहेत. दोन गोष्टी मात्र मराठी दुकानदारानं स्वतः पाहाव्यात. पत्रकं आणि पाट्या करणारे आपल्याकडे अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये मजकूर जुळवतात. तोच मजकूर वेबसाइटवर चिकटवला की त्याची अगम्य चिन्हं होतात, मग सोपा उपाय म्हणून सगळा मजकूर चित्र करून टाकला जातो. माणसाला ते वाचता येतं, पण गुगलला त्यात ओळखता येण्याजोगा मजकूर मिळत नाही, आणि 'कापशी चप्पल' शोधणारा तुमच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच मागा. दुसरं, पान साध्या मोबाइलवर, गारगोटीच्या किंवा आजऱ्याच्या एखाद्या वाडीत रेंजची एकच काडी असताना उघडून बघा. कॅमेऱ्यातून निघालेले अवजड फोटो तसेच चढवले असतील तर ते तिथे उघडत नाहीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामवर धंदा चालतोय, मग वेबसाइट कशाला? चालतोय हे खरं आहे, आणि नव्या दुकानानं सुरुवात तिथूनच करावी, त्यात शहाणपण आहे. पण ती जागा भाड्याची आहे, आणि अशी जागा हातातून गेल्याचे दाखले आहेत. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा तिथे गिऱ्हाईक जमवलेल्या लहान विक्रेत्यांची सारी जमवाजमव संपली. गुगलनं दुकानांना दिलेली फुकटची छोटी संकेतस्थळं मार्च २०२४ मध्ये बंद केली, आणि ज्यांच्या पिशव्यांवर तो पत्ता छापला होता त्यांच्या पिशव्या निरुपयोगी झाल्या. इन्स्टाग्रामवर गिऱ्हाईक भेटावं, पण पुरावा आपल्या जागेत राहावा, अशी ही वाटणी आहे. शिवाय तिथली पोस्ट आठवड्यात खाली जाते. मापाची माहिती, परतीचे नियम आणि तक्रारीचा फोन नंबर तिथे कोण शोधत बसणार? २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनी नाव, पत्ता, परतीच्या अटी आणि तक्रार ऐकणारा माणूस या गोष्टी समोर ठेवण्याची शिस्त घालून दिली आहे. ती कायद्याची कटकट वाटते खरी, पण अनोळखी गिऱ्हाइकाला पैसे भरण्याआधी नेमकं हेच हवं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि त्याला घाईनं उत्तर देऊन चालणार नाही. दुकानाचं नाव मोठं झालं की चप्पल करणाऱ्याचं काय? जो चामडं कमावतो, जी घरात बसून वेणी घालते, त्यांच्या वाट्याला जोडामागची मजुरी येते आणि नाव दुकानाचं राहतं. ही तक्रार रास्त आहे. दुकानाच्या नावाखाली कारागिराचं नाव झाकलं जाणार असेल तर ती ओळख निम्मी खोटी आहे, असं मी म्हणेन. पण उपाय नाव न घेण्यात नाही, दोन्ही नावं घेण्यात आहे. अथणीच्या कारागीर महिलांच्या बचत गटांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'टो होल्ड' या स्वतःच्या नावानं काम उभं केलं आणि परदेशी माल पाठवला. कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यात करणाऱ्यांचीच ओळख होऊ शकते, याचा तो दाखला आहे. तिथपर्यंत जाता येत नसेल तर निदान प्रत्येक जोडाच्या पानावर, कारागिराच्या संमतीनं, तो कोणी आणि कुठे केला ते लिहावं. इथे काही दुकानदार बिचकतात, कारण कोल्हापुरात विकला जाणारा बराच माल अथणी-निपाणीकडून येतो आणि ते सांगितलं तर गिऱ्हाईक 'अस्सल नाही' म्हणेल अशी भीती असते. भीती निराधार आहे. बेळगाव जिल्हा मानांकनाच्या आत आहे, अथणीची कोल्हापुरी कायद्यानं आणि परंपरेनं कोल्हापुरीच आहे. लपवलं आणि मग कळलं, तर मात्र संशयाला जागा होते.

फोटो चोरीला जातील, नमुने उचलले जातील, असंही म्हणतात. जातील. फोटो न टाकल्यानंही ते थांबत नाही, कारण कोणीही एक जोड विकत घेऊन तो उसवून पाहू शकतो. नक्कल करणाऱ्याला वेणीचा फोटो उचलता येतो, पण ती वेणी घालणाऱ्या बाईचं नाव, तळावरचा ठसा आणि दुरुस्तीला परत घेण्याची हमी उचलता येत नाही.

राहिली वेबसाइटच्या पत्त्याची गोष्ट. .in किंवा .com चा साधा पत्ता बहुधा वर्षाला हजाराच्या आसपास मिळतो. देवनागरीत .भारतचाही घेता येतो, पण तो जोडीला ठेवावा, कारण टाइप करताना अजून बऱ्याच जणांचा हात रोमन अक्षरांवरच जातो. वेबसाइट करून देणारा 'पत्ता मी घेतो, तुम्ही काळजी करू नका' असं म्हणतो, बहुतेक वेळा चांगल्या मनानंच. तरीही नोंदणी तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइल नंबरावर करून घ्या. नूतनीकरणाची तारीख दुकानाच्या वहीत लिहून ठेवा आणि पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या. दुकानाचा भाडेपट्टा जसा कोणी पाटी रंगवणाऱ्याच्या नावावर करत नाही, तसा हा पत्ताही करू नये. पुढच्या लेखांकात याच पानांसाठी दुकानातल्या खिडकीच्या उजेडात, साध्या मोबाइलनं फोटो कसे काढायचे ते पाहू.