नावावरून आरसा सापडतो कसा?

औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च २,६०० कोटी रुपये. ४ किलोमीटरच्या दोन भुजांतले आरसे, लेसर, निर्वात पंप, अशा हजारो घटकांना सॉफ्टवेअर शोधणार कसे? अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांत ‘एपिक्स’ ही नियंत्रण प्रणाली त्यासाठी ‘चॅनल’ची नावे वापरते.

‘एच१:एसयूएस-ईटीएमएक्स’ ही एका नावाची सुरुवात पाहा. एच१ म्हणजे हॅनफर्डची वेधशाळा, एसयूएस म्हणजे आरसे टांगणारी यंत्रणा, ईटीएमएक्स म्हणजे एक्स भुजेच्या टोकाचा आरसा. नेमका संकेत कोणता, ते नावाच्या पुढच्या भागात येते. लुइझियानातल्या जुळ्या आरशासाठी ‘एच१’च्या जागी ‘एल१’, बाकी तेच. एका ठिकाणचा प्रोग्राम दुसरीकडे फारसा न बदलता वापरता येतो, हा या शिस्तीचा सर्वांत मोठा फायदा. औंढ्यासाठीही तो मोलाचा, कारण इथल्या उपकरणाचे मुख्य भाग अमेरिकेच्या लायगोकडूनच यायचे आहेत.

शोधाची रीत सरळ आहे : संगणक जाळ्यावर नाव पुकारतो, ते ज्या सर्व्हरकडे असेल तो उत्तर देतो. एकच नाव दोघांना दिले तर घोळ होतो. एक अक्षर चुकले, तर उत्तरच येत नाही.