अष्ठीला कर्करोगाचे श्राव्यातीत चित्रण

अष्ठीला ग्रंथीच्या (पुरुषाच्या मूत्राशयाखाली मूत्रमार्गाभोवती असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या) कर्करोगातील उग्र प्रकार ओळखण्यासाठी श्राव्यातीत तरंगांचा (मानवी श्रवणमर्यादेपलीकडील ध्वनितरंगांचा) केलेला उपयोग. उतारवयात हा रोग पुष्कळांस होतो. मात्र बहुधा तो इतका मंदगती असतो की, रुग्णाचा मृत्यू अन्य कारणानेच होतो. उग्र प्रकार हाडांत पसरून प्राणघातक ठरतो. मंदगती रोगावर शस्त्रक्रिया किंवा प्रारण चिकित्सा केल्यास मूत्रावरील ताबा जाणे, नपुंसकत्व यांसारखी हानी विनाकारण पदरी येऊ शकते. म्हणून रोग आहे की नाही, एवढ्याच निदानाने भागत नाही.

गुदांत्रात एषणी घालून या ग्रंथीचे उपयुक्त चित्र मिळविण्याची पद्धत जपानमध्ये हिरोकी वातानाबे यांनी १९७० च्या सुमारास विकसित केली. नेहमीच्या ६ ते ९ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या चित्रात अर्बुद काळपट दिसते, परंतु कित्येक अर्बुदे निरोगी ऊतकासारखीच दिसतात, तर साधा शोथही (दाहयुक्त सूजही) काळपट दिसतो. परिणामी हे चित्र दीर्घकाळ सुईला वाट दाखविण्यापुरतेच उपयोगी पडले. १९८९ मध्ये अमेरिकेत के. के. हॉज व सहकाऱ्यांनी ग्रंथीच्या सहा ठरावीक भागांतून ऊतकाचे नमुने घेण्याची रीत मांडली. तीत सुई उग्र अर्बुदाला चुकवून निरुपद्रवी अर्बुदात शिरण्याचा संभव राहतोच.

२९ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या सूक्ष्म श्राव्यातीत चित्रणाने ही उणीव बरीच कमी झाली. ७ मेगॅहर्ट्‌झला ऊतकातील तरंगलांबी सु. ०·२२ मिमी. असते, ती येथे सु. ०·०५ मिमी. होते. त्यामुळे ग्रंथीतील सूक्ष्म नलिकांची मांडणी विस्कटलेली दिसू शकते. असे तरंग खोलवर पोहोचत नाहीत. तथापि बहुतेक अर्बुदे गुदांत्रालगतच्या बाह्य भागात उद्‌भवतात, ही गोष्ट येथे पथ्यावर पडते. ग्रंथीच्या पुढील भागातील अर्बुद मात्र निसटू शकते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६७८ पुरुषांवरील यादृच्छिक चाचणीत उपचारयोग्य कर्करोग शोधण्यात ही पद्धत चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाच्या साहाय्याने घेतलेल्या नमुन्यांपेक्षा कमी पडली नाही.

दुसरी पद्धत काठिण्यमापनाची. दाट कोशिकांमुळे अर्बुद कठीण होते व त्यातून कर्तन तरंग (ऊतकात निर्माण केलेली आडवी कंपने) अधिक वेगाने जातात. वेगावरून काठिण्य काढतात. वैद्य बोटाने चाचपून जी गाठ ओळखतो, तिचेच हे यांत्रिक मापन होय. खडे किंवा जुना शोथही कठीण असल्याने यात फसगत होऊ शकते. उग्रतेचा अंतिम निर्णय ऊतकाच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीवरच (ग्लीसन श्रेणीवर) अवलंबून असतो.