वळूचा आकडा उतरला, वळू नव्हे!



उसाचे बिल यायचे तेव्हा येते. पण दर दहा दिवसांनी घरखर्चाला हात देते ते दुधाचे बिल. म्हणून या पानावर आज आम्ही बेण्याऐवजी वळूविषयी लिहीत आहोत.

परदेशी होल्स्टिन वळूंच्या रेतकांड्या वापरणारे काही सभासद आम्हाला विचारतात, "साहेब, मागल्या यादीत या वळूचा दुधाचा आकडा केवढा होता! आता एकदम खाली कसा आला? वळू बिघडला का?" शंका रास्त आहे. वळू बिघडलेला नाही, मोजायची पट्टी बदलली आहे.

आपल्या उसाचेच घ्या. नव्या वाणाची चाचणी घेताना शेजारी तुलनेसाठी प्रचलित वाण लावतात. को ७४० शेजारी जो वाण उठून दिसे, तोच को ८६०३२ शेजारी बेताचा दिसेल. वाण तोच, शेजारी बदलला.

अमेरिकेत वळूच्या मुली सरासरी गाईपेक्षा एका वेतात किती पौंड जास्त दूध देतील, याचा अंदाज म्हणजे हा आकडा. ही सरासरी दर पाच वर्षांनी पुढे सरकवतात. एप्रिल २०२५ पर्यंत ती २०१५ साली जन्मलेल्या गाईंची होती. तेव्हापासून २०२० साली जन्मलेल्यांची धरली आहे. पाच वर्षांत तिथल्या गाई सुधारल्या, म्हणून होल्स्टिन वळूंचे दुधाचे आकडे सुमारे ७५० पौंडांनी, म्हणजे ३४० किलोंनी उतरले. फॅट-प्रथिनांचेही उतरले. वळूंचा आपसांतला क्रम मात्र एवढ्याने बदलत नाही.

त्याच वेळी तिथल्या निव्वळ नफ्याच्या निर्देशांकात फॅट आणि चाऱ्याची बचत यांना जास्त महत्त्व दिले, प्रथिनांना कमी. हा हिशेब तिथल्या बाजाराचा. आपल्याकडे दर ठरतो फॅट आणि एस.एन.एफ.वर, आणि प्रथिने एस.एन.एफ.मध्येच येतात. तेव्हा त्यांच्या क्रमाने डोळे मिटून जाऊ नये.

मग आपण काय करावे?

१) जुनी यादी नव्या यादीशी ताडू नये. कंटेनरमधल्या जुन्या कांड्यांचेही आजचे आकडे मागावेत.

२) "हजार पौंडांखालचा वळू नको" असा नियम कोणी धरला असेल, तर त्याने तो नव्या पट्टीवर अडीचशेला आणावा. नाहीतर चांगले वळू हातचे जातील.

३) फॅट आणि प्रथिने दोन्ही पाहावीत. मुली वेळेवर गाभण राहतात का, हेही पाहावे.

४) हे आकडे तिथल्या हवेतले आणि खुराकावरचे आहेत. वाढ्यावर आणि मे महिन्याच्या उन्हात तेवढा फरक दिसेलच असे नाही.

५) कानातला बारा अंकी बिल्ला, वळूचा क्रमांक, भरवल्याची तारीख, दूध आणि फॅट यांची वही ठेवावी. बापाची कांडी लेकीला पडू नये, यासाठी तरी ही वही हवीच.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे आपल्या देशी गाईंसाठीच्या 'गौचिप'चे लोकार्पण झाले. रक्तातल्या खुणांवरून जनावर निवडायची ही सोय आहे. पण त्या खुणांचा अर्थ लागतो तो गोठ्यातल्या नोंदींवरूनच.

बंधूंनो, उसाचा वाण चुकला तर खोडवा मोडून दुसरा लावता येतो. आज भरवलेल्या गाईची कालवड दुधात यायला तीन वर्षे लागतात, आणि तिचे रक्त गोठ्यात पिढ्यान् पिढ्या राहते. तेव्हा कांडी घेताना आधी विचारा: आकडा कोणत्या पट्टीवरचा?

— ऊस विकास अधिकारी