विजेवर चालणारा स्नायू लवकर का दमतो?

पक्षाघातानंतर अनेकांचे पाऊल चालताना नीट उचलले जात नाही. बोटे जमिनीला घासतात. अशा रुग्णांसाठी अमेरिकेत व्लादिमीर लिबरसन यांनी १९६१ मध्ये एक उपकरण मांडले. टाच उचलली की बुटातला स्विच चालू होतो, गुडघ्याजवळच्या मज्जातंतूला विजेचे सौम्य स्पंद मिळतात आणि पाऊल वर येते. अडचण एकच: स्नायू लवकर दमतो.

मेंदू स्नायूतंतूंना आळीपाळीने कामाला लावतो, तेही आधी चिवट, उशिरा थकणाऱ्यांना. इलेक्ट्रोडला एवढा पोच नसतो. त्याच्या टप्प्यातले तेच ते तंतू, चिवट असोत वा नाजूक, प्रत्येक स्पंदाला एकदमच आकसतात. शिवाय आकुंचन सलग राहावे म्हणून सेकंदाला साधारण २० ते ५० स्पंद द्यावे लागतात. त्यात वापराअभावी स्नायू आधीच अशक्त झालेला. प्रवाह वाढवला तर नवे तंतू जुंपले जातात खरे, पण त्वचेची चुणचुण वाढते आणि थोड्या वेळाने तेही थकतात.

म्हणून फिजिओथेरपिस्ट काम भागेल इतकेच स्पंद देतात आणि दोन आकुंचनांमध्ये, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत, पुरेशी विश्रांती ठेवतात. घरी यंत्र वापरणाऱ्यांनी पाऊल पूर्वीइतके उचलेनासे झाले की थांबावे; प्रवाह आपल्या मनाने वाढवू नये.