सुकेळी खिंड आणि तांदळाची भाकरी

थर्मोडायनॅमिक्समध्ये मी जेमतेम पास आहे, हे आधीच कबूल करतो. तरी या लेखात थोडं गणित येणार आहे. घाबरू नका, व्हायवा नाही!

गेल्या जानेवारीत मी आणि माझा रूममेट रोडपालीहून सायकलने महाडला निघालो. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड. साधारण सव्वाशे किलोमीटर. आईची सक्त ताकीद होती, "बाहेरचं काही खायचं नाही!" म्हणून सॅकमध्ये महागडे चॉकलेट बार आणि क्रीमची बिस्किटं. पहाटे चहा, दोन बिस्किटं, आणि निघालो. बार संपायला नकोत म्हणून ते "खरी भूक लागल्यावर" खायचे ठरलेले. पेणला गाडीवर गरम पोहे वाफाळत होते. पेण म्हणजे पोहे, पापड, मिरगुंडांचं गाव. आम्ही नाक मुरडून पुढे गेलो.

नागोठण्यानंतर सुकेळी खिंड लागते. तिथपर्यंत सत्तरेक किलोमीटर झाले होते. चढावर रूममेट एकदम गप्प झाला. मग त्याची सायकल डुलायला लागली आणि तो सरळ रस्त्याच्या मधे गेला. मागून ट्रेलर! हॉर्न, ब्रेकचा आवाज... हातभर अंतराने वाचला. रस्त्याकडेला बसला तेव्हा त्याला गार घाम फुटला होता, हात थरथरत होते. मी बार पुढे केला तर म्हणाला, "नको, मला घरी जायचंय." लहान मुलासारखा!

आता गणित. १०० वॅटने तासभर पेडल मारलं तर काम होतं ३६० किलोज्यूल. आपल्या शरीराची एफिशियन्सी २० ते २५ टक्के, म्हणजे खर्च त्याच्या चार-पाच पट. पण एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. चारने गुणा, चारने भागा, आकडा जवळजवळ तोच राहतो! तासाला साडेतीनशे-चारशे किलोकॅलरी. चार तासांत दीड हजार.

यातली काही ऊर्जा चरबीतून येते, बाकी साठवलेल्या साखरेतून, म्हणजे ग्लायकोजेनमधून. स्नायूंमध्ये याचा साठा बरा असतो, पण स्नायू आपली साखर रक्तात परत देत नाहीत. (आमच्या मेसमधल्या काही मित्रांसारखे.) रक्तातली साखर टिकवतं लिव्हर, आणि त्याच्याकडे असतं फक्त शंभरेक ग्रॅम. त्यातलं बरंचसं रात्रीच्या झोपेतच खर्च होतं. पहाटे नीट खाल्लं नाही, वाटेतही नाही, तर मेंदूला साखर कमी पडते. पाय थकतात ते वेगळं, इथे अक्कलच थकते. हायवेवर ते जास्त वाईट.

तर खिंड उतरून एका टपरीवर गेलो. मी माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीत विचारलं, "मावशी, खायला काय अव्हेलेबल आहे?"

"अव्हेलेबल नाही रे बाबा, भाकरी आहे."

तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, आणि आधी कोकम सरबत. मावशींनी सरबतात चिमूटभर मीठ टाकलं आणि रूममेटला दम दिला, "हळूहळू पी." वीसेक मिनिटांत गडी माणसात आला.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की यात जादू नाही. आतड्यात ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम एकमेकांचा हात धरून आत जातात आणि मागोमाग पाणी ओढतात. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव इथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलराचे असंख्य रुग्ण वाचवले. कोकम सरबत म्हणजे काही ओआरएस नव्हे, प्रमाण वेगळं असतं, पण घामाने गेलेलं मीठ, पाणी आणि साखर तिन्ही त्यात आहेत.

आणि भाकरी? पीठ उकळत्या पाण्यात मळतात, मग भाजतात. स्टार्च चांगला शिजतो, पचायला सोपा होतो. ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ४० ग्रॅम कार्ब्स. दमवणाऱ्या राइडमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम पुरतात. म्हणजे दर तासाला एक भाकरी, किंवा दोन केळी, किंवा भाकरी अर्धी आणि गुळाचा खडा. तेव्हापासून भूक लागायची वाट बघत नाही, घड्याळ बघून खातो.

आता तुम्ही म्हणाल, मग वडापाव का नाही? चालतो, पण तळलेलं पोटात जास्त वेळ रेंगाळतं. चढाच्या आधी नकोच. मासळीचं जेवण, बिरडं पोटभर, हे सगळं मुक्कामाला. त्या दिवशी आम्ही बिरड्यावर ताव मारला आणि कोलाडपर्यंत ढेकर देत गेलो.

आईचं म्हणणं अगदीच चूक नाही म्हणा. बाहेरची चटणी, बर्फ, कापून ठेवलेली फळं मी अजूनही टाळतो. समोर तव्यावरून उतरलेली भाकरी मात्र कुठल्या कारखान्यातल्या पाकिटाइतकीच बिनधास्त खातो. पाणी आपलं न्यावं.

परतीच्या वाटेवर वडखळजवळ शेतात पोपटी लागली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, मीठ, भांबुर्डीचा पाला, पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं आणि भोवती जाळ. "या रे, बसा," म्हणाले. रोडपाली अजून चाळीसेक किलोमीटर होतं, अंधार पडत होता. मी घड्याळ बघत होतो, तोवर रूममेटने सायकल लावून शेंगा सोलायला सुरुवातही केली होती. चॉकलेट बार आम्ही त्यांच्या मुलांना देऊन टाकले.