लाइट गेल्यावर सोसायटीचे कॅमेरे आणि दरवाजे कशावर चालणार?

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड शब्दांत.

लाइट गेली की आपण पहिल्यांदा काय करतो? मोबाइलचा टॉर्च लावतो. मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो, ‘बी विंगची पण गेली का?’ या गडबडीत एक गोष्ट कोणी बघत नाही. गेटवरचे कॅमेरे चालू आहेत का? कार्ड दाखवून उघडणारा लॉबीचा दरवाजा आत्ता बंद आहे की सताड उघडा? मोबाइलवरच्या कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसतं, आणि आपण म्हणतो, येईल लाइट.

पुढे कधीतरी कमिटी ठरवते की यूपीएस घेऊ या. तीन कोटेशन येतात. मग सेक्रेटरी काका तुम्हाला गाठतात, “तू कॉम्प्युटरवाला ना? सांग बरं कुठलं घ्यायचं.” तर आज तेच बघू.

व्हीए वेगळं, एएच वेगळं

सगळा घोळ इथे होतो. यूपीएसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ६०० व्हीए, १ केव्हीए असं लिहिलेलं असतं. हा आकडा सांगतो की मशीन एका वेळी किती लोड उचलेल. ते लोड किती वेळ उचलेल, हे तो सांगत नाही. वेळ ठरतो बॅटरीवर, म्हणजे तिच्या व्होल्ट आणि अँपिअर-अवर, एएच, या आकड्यांवर.

हमालाचं उदाहरण घ्या. तो किती किलो उचलतो हे व्हीए. ते डोक्यावर घेऊन किती लांब चालतो हे एएच. आपल्याला कॅमेऱ्यांचं हलकंच गाठोडं न्यायचंय, पण लांब न्यायचंय.

घरच्या कॉम्प्युटरला लावतो त्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ७ एएचची एकच छोटी बॅटरी असते. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-अवर. त्यातले सगळे वापरताही येत नाहीत. फाइल सेव्ह करून कॉम्प्युटर बंद करायला हा यूपीएस पुरतो, कारण तो त्यासाठीच बनवलाय.

आधी यादी, मग यूपीएस

एक मध्यम सोसायटी धरू. १६ कॅमेरे आहेत. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की प्रत्येकी साधारण ५ वॅट, म्हणजे ८०. डीव्हीआर हार्ड डिस्कसकट २०. राऊटर आणि फायबरचा डबा मिळून १५. दरवाजावरची दोन मॅग्नेटिक लॉक प्रत्येकी ६ प्रमाणे १२. कार्ड रीडर आणि त्याचा कंट्रोलर ८. बेरीज १३५ वॅट. थोडा हात सैल ठेवून १५० धरा. तुमच्याकडचे खरे आकडे प्रत्येक अ‍ॅडॉप्टरच्या मागे छापलेले असतात, मोबाइलने फोटो काढत फिरा.

यादी करताना वायरसुद्धा शोधा. डीव्हीआर यूपीएसवर आहे, पण तिसऱ्या मजल्यावरच्या कॅमेऱ्याचा अ‍ॅडॉप्टर जिन्यातल्या साध्या प्लगवर आहे, असं खूप ठिकाणी असतं. मग लाइट गेल्यावर डीव्हीआर इमानदारीत काळा पडदा रेकॉर्ड करतो. आयपी कॅमेरे असतील तर त्यांना वीज देणारा पीओई स्विचही बॅकअपवर हवा. एका विंगचा स्विच गेला की त्या विंगचे सगळे डोळे मिटले.

यादीत काय नको तेही ठरवा. लिफ्टमध्ये जवळचा मजला गाठून दार उघडणारी यंत्रणा असेल तर तिची बॅटरी वेगळी असते. फायर अलार्मच्या पॅनेललाही स्वतःच्या बॅटऱ्या असतात, त्या वेगळ्याच राहू द्या. गेटचा बूम बॅरियर हाताने उघडायची सोय असते. आणि वॉचमन काकांचा पंखा? साधा पंखा ७० वॅटच्या आसपास खातो, म्हणजे आपल्या हिशोबाच्या जवळपास निम्मा. म्हणून पंखा लावायचाच नाही, असं नाही. मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये बसणारा माणूस कुठेतरी प्लग लावणारच. त्याच्या पंख्या-दिव्याची वेगळी सोय करा, नाहीतर आपलं गणित पहिल्याच रात्री कोसळेल.

किती तास?

हे तुमच्या गावावर आणि इमारतीवर अवलंबून आहे. पुण्यात गुरुवार म्हटलं की देखभालीसाठी लाइट जाणार हे ठरलेलं, आणि ती गेली की काही तास जाते. मुंबईत लाइट जात नाही असं आपण अभिमानाने सांगतो, पण १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. ग्रिडमध्ये बिघाड होऊन मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच बंद पडली. लोकल जागच्या जागी थांबल्या. काही भागांत दोन-अडीच तासांत वीज आली, काही ठिकाणी त्याहून बराच वेळ गेला.

तुमच्याकडे जनरेटर असेल तर तो आपोआप चालू होतो की कोणीतरी जाऊन चालू करावा लागतो, हे विचारा. आपोआप होणाराही काही सेकंद घेतो. तेवढ्यात डीव्हीआर बंद पडला तर परत उठून रेकॉर्डिंग सुरू करायला त्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात. मधली फट भरायला यूपीएस हवाच, पण तासाभराचा पुरे. डिझेल संपलंय किंवा स्टार्टरची बॅटरी बसलीय, हे कळायलाही तेवढा वेळ जातो.

जनरेटर नसेल तर किमान चार तास धरा. गणित असं: १५० वॅट गुणिले ४ म्हणजे ६०० वॅट-अवर. बॅटरीची १२ व्होल्टची डीसी वीज २३० व्होल्टची करताना काही वाया जाते, म्हणून ६०० भागिले ०.८५, साधारण ७००. बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नाही, ८० टक्केच वापरायची, म्हणून ८८०. दोन-तीन वर्षांत तिची ताकद कमी होणार, त्यासाठी आणखी तेवढीच सूट, म्हणजे ११००. भागिले १२ व्होल्ट, साधारण ९२ एएच.

म्हणजे १०० एएच पुरेल? काठावर. बॅटरीवर छापलेला आकडा बहुधा २० तासांत सावकाश वापरली तर मिळणारा असतो. चार तासांत उपसली तर त्याहून कमी मिळतं. म्हणून १५० एएचची घेतली की निवांत.

आता तीन कोटेशन उघडा

समजा पहिलं आहे ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसचं. लोड आरामात उचलेल, पण आपल्या १५० वॅटवर १५-२० मिनिटांत झोपेल. आपोआप चालू होणारा भरवशाचा जनरेटर असेल तरच याचा विचार करा.

दुसरं १ केव्हीए ऑनलाइन यूपीएसचं. यात वीज सतत बॅटरीच्या बाजूने फिरून येते, त्यामुळे लाइट गेली तरी खंड शून्य, आणि जनरेटरची वरखाली होणारी वीजही हा सरळ करून देतो. पण आतल्या छोट्या बॅटऱ्यांवर आपलं लोड साधारण अर्धा ते एक तास चालेल. चार तास हवे असतील तर बाहेरून मोठ्या बॅटऱ्या जोडता येणारं मॉडेल मागा.

तिसरं घरगुती इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी. दिसायला सगळ्यात साधं, पण लांब पल्ल्याला हेच टिकतं. बटण यूपीएस मोडवर ठेवायचं, म्हणजे तो काही मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो आणि डीव्हीआर सहसा रीस्टार्ट होत नाही. या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे बंद कपाटात कोंडू नका.

चौथाही पर्याय आहे, जो कोटेशनमध्ये क्वचित येतो. कॅमेरे आणि लॉक मुळात १२ व्होल्ट डीसीवरच चालतात. बॅटरी चार्ज करणारा १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय बसवला तर वीज उलटसुलट बदलायची गरजच नाही. लहान इमारतीला हे छान जमतं. वायर लांब असेल तर व्होल्टेज पडतं, तेवढं वायरमनकडून मोजून घ्या.

बॅटरीच्या जागेबद्दल एकच सांगतो. शिशाच्या बॅटरीचं गणित २५ अंशांवर मांडलेलं असतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी लवकर गेली तर कंपनीला दोष देऊ नका, सावली द्या. लिथियम आयर्न फॉस्फेट जास्त टिकते, महागही असते, पण तिला तिच्यासाठीचाच चार्जर लागतो. जुन्या इन्व्हर्टरला तशीच जोडू नका.

दरवाजाचं मात्र नीट ऐका

कॅमेरा बंद पडला तर पुरावा जातो. दरवाजा चुकला तर जीव जाऊ शकतो.

मॅग्नेटिक लॉक विजेवर चिकटून राहतं. वीज गेली की सुटतं. म्हणून बॅकअप नसेल तर लाइट गेल्यावर लॉबी सगळ्यांना उघडी. आपण बॅकअप देतो, दरवाजा बंद राहतो, सगळे खूश. आता विचार करा, आग लागली, मेन स्विच बंद केला, जिन्यात धूर आहे, आणि आपल्या नव्या बॅटरीने दरवाजा घट्ट धरून ठेवलाय.

म्हणून फायर अलार्म वाजला की लॉकची वीज तोडणारा रिले लागतो, आणि तो बॅटरीच्या पुढे, थेट लॉककडे जाणाऱ्या वायरवर असायला हवा. तो फक्त मेनची वीज तोडत असेल तर बॅटरी लॉकला धरूनच ठेवणार. शिवाय आतल्या बाजूला हिरवा इमर्जन्सी डबा हवा, जो दाबला की लॉकची वायर थेट तुटते. बसवणाऱ्याला सांगा, “लाइट बंद करून, बॅटरी चालू ठेवून, अलार्म वाजवून दाखव.” दरवाजा सुटला तरच बिल द्या.

महिन्यातून एकदा

महिन्यातून एका रात्री वॉचमन काकांना कल्पना देऊन एमसीबी खाली करा. रात्रीच, कारण तेव्हा इन्फ्रारेड दिवे चालू असतात. घड्याळ लावा. कुठले कॅमेरे गेले ते बघा. मोबाइलवर लाइव्ह दिसलं नाही तरी लगेच घाबरू नका, कदाचित इंटरनेटवाल्याचा शेजारच्या गच्चीवरचा डबा बंद पडला असेल. डीव्हीआरवर रेकॉर्डिंग होतंय का, हे केबिनमध्ये जाऊन बघा. बॅटरीवर मार्करने बसवल्याची तारीख लिहा. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, दुकानदार ती परत घेतो आणि पैसेही वळते करून देतो.

तर मंडळी, कमिटीच्या मीटिंगला जाताना एवढं कागदावर न्या: काय काय चालू हवं, किती वॅट, किती तास, आणि आग लागली तर दरवाजा कसा सुटणार. कोटेशन त्यानंतर मागवा. हा एपिसोड सोसायटीच्या ग्रुपवर टाका, आणि तुमच्याकडे टेस्ट केल्यावर किती मिनिटं टिकलं ते व्हॉइस नोट करून नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!